एटीव्हीचं टॉप-एंड: नुसत्या रिंगा टाकायच्या, की बोअरच करायचा?

रानवाट्या

माझी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवरची चार जाड चाकांची गाडी; प्रश्न तिच्या टॉप-एंडचा, म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टनचा. इंजिन ३९७ सीसी, चार-स्ट्रोक, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७० मिमी. कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) वर हेडमध्ये, टायमिंग चेनवर चालतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचा लाइनर (सिलिंडरची आतली नळी). मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलचे आकडे इथून उचलेल. मर्यादा ज्याने त्याने आपापल्या मॅन्युअलमधूनच घ्याव्यात.

लक्षणं अशी: चढावर थ्रॉटल उघडला की निळा धूर, ओढ कमी, आणि दर टाकीमागे साधारण १०० मिली ऑइल गायब. सकाळच्या पहिल्या स्टार्टला धूर नाही. कॉम्प्रेशन गेजचा आकडा मॅन्युअलपेक्षा बराच खाली आहे. पिस्टन, रिंगा, पिन, लॉक आणि पॅकिंगचा पूर्ण संच मागवावा म्हणतोय. आधी काय तपासू?

तेलकट

संच आत्ता मागवू नका. पिस्टन कोणत्या मापाचा लागेल ते ब्लॉक मोजल्यावर कळतं. स्टँडर्ड पिस्टन घेऊन बसाल आणि बोअर ओव्हरसाइझचा, म्हणजे आधीच कापून मोठा केलेला, निघेल.

धुराची वेळ बरंच सांगून जाते. रात्रभर उभी राहून पहिल्या स्टार्टला भपकन धूर येतो आणि मग बंद होतो, तेव्हा वॉल्व्ह सील (वॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणारी टोपी). थ्रॉटल सोडून उतार उतरताना येतो, तेव्हा सील किंवा गाइड (वॉल्व्हचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी), कारण त्या वेळी इनटेकमधला व्हॅक्यूम ऑइल ओढून घेतो. जोर लावल्यावर येतो तो रिंगांचा. तुमचा तिसरा दिसतोय, पण एवढ्यावर हेड निर्दोष ठरत नाही.

कॉम्प्रेशन गेजवर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच इंजिनांत कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, तो स्टार्टिंगच्या फेऱ्यांना एक्झॉस्ट वॉल्व्ह किंचित उचलून धरतो आणि आकडा खाली दाखवतो. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून घेतला होता ना? बंद थ्रॉटलवर हवाच आत येत नाही, मग गेज बिचारं काय दाखवणार. प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांतून. जागचा हलला नाही तर वॉल्व्हमधून.

मायक्रोमीटर

त्याहून खात्रीची लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते मोजायचं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागी) आणा, दोन्ही टॅपेट (वॉल्व्हवरची फट लावायचे स्क्रू) मोकळे आहेत ना ते हाताने हलवून बघा, मग प्लगच्या भोकातून हवा सोडा. हवा भरताना क्रँकच्या बोल्टला पाना अडकलेला नको. पिस्टन टीडीसीवरून जरा जरी ढळलेला असला तरी हवा त्याला खाली ढकलते आणि पाना गरकन फिरतो.

मग कान लावायचा. एअरबॉक्समध्ये फुसफुस असेल तर इनटेक वॉल्व्ह. सायलेन्सरमध्ये असेल तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडातून हवा येत असेल तर रिंगा. पाण्यावर थंड होणारं इंजिन असतं तर रेडिएटरमधले बुडबुडे हेड पॅकिंगचं सांगतात. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उघडू नये. २० च्या वर गेली की उघडायची तयारी करावी.

नट_बोल्ट

आणि बोअर झिजला *कशाने* हे कुणी विचारणार आहे की नाही?

एटीव्हीचं टॉप-एंड बहुतेक वेळा धुळीने मरतं. पुढच्या गाडीने उडवलेला फुफाटा थेट मागच्याच्या एअरबॉक्सवर येतो. फिल्टर काढा आणि फिल्टरच्या *मागच्या* बाजूचा रबरी बूट स्वच्छ पांढऱ्या फडक्याने आतून पुसा. फडक्यावर तपकिरी कीट आलं तर धूळ आत जात होती, निकाल लागला. फोम फाटलाय का, शिवणीवर सुटलाय का, फोमला ऑइल आहे का, फोमची कड जिथे बसते तिथे ग्रीस आहे का, बुटाचा क्लॅम्प ढिला आहे का, बुटाला चीर आहे का, एअरबॉक्सच्या तळाची ड्रेन नळी टोपणाविना उघडी आहे का, सगळं बघा. हे भोक बुजवल्याशिवाय नवा पिस्टन टाकलात तर तोही त्याच वाटेने जाईल, आणि नव्या रिंगा धुळीत फार थोड्या तासांत संपतात.

रानवाट्या

केलं. ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन चांगलंच वर गेलं. लीक-डाउन ३४ टक्के. सर्वांत मोठा आवाज ऑइलच्या तोंडातून, सायलेन्सरमध्येही बारीक फुसफुस. फडकं तपकिरी निघालं. एअरबॉक्स आणि कार्ब्युरेटरमधला बूट खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही नेमका तिथे, दोन सेंटिमीटर चिरलाय.

उघडतोय. क्रमाबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

तेलकट

आधी गाडी धुवा. हे उगाच म्हणत नाही. टाकीखालचा आणि फ्रेमवरचा चिखल हेड उघडल्यावर थेट टायमिंग चेनच्या खोबणीत पडतो. प्लग काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा.

सीट, टाकी, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर, हेडला फ्रेमशी धरणारा ब्रॅकेट आणि ऑइलचा बाहेरचा पाइप असेल तर तो, हे सगळं निघालं की मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही टोपणं उघडा. मोठ्यातून क्रँक फिरवायचा, छोट्यातून खूण बघायची. ‘टी’ची रेघ खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर मोकळे हलले तर ते कॉम्प्रेशनचं टीडीसी. घट्ट असतील तर अजून एक फेरी. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. खूण ओलांडली तर उलट न फिरवता परत पूर्ण फेरीने या.

नंतर टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग. त्याचं टोक मागे घेऊन अडवायचं किंवा आख्खा टेन्शनर काढायचा, *मगच* कॅमच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) हात लावायचा. टेन्शनरचे बोल्ट सैल करून परत तसेच आवळले तर रॅचेट एकदोन दाते पुढे गेलेलं असतं, मग चेन अतिताणात राहते. काढला की परत बसवताना पूर्ण मागे घेतलाच पाहिजे.

स्प्रॉकेट सुटल्याबरोबर चेनला तार बांधून फ्रेमला अडकवा. चेन खाली पडली तर हुकने वर येते, पण खाली ती क्रँकच्या स्प्रॉकेटवर गोळा होते आणि त्या अवस्थेत कुणी क्रँक फिरवला तर केसिंगच फुटतं. यापुढे क्रँक फिरवायची वेळ आली तर चेन वर ताणून धरूनच.

हेडचे बोल्ट तिरपे समोरासमोर, बाहेरून आत, दोनतीन टप्प्यांत सोडा. एकच बोल्ट पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे गेलात तर हेड वाकतं. लहान ६ मिमीचे बोल्ट चेनच्या बाजूला लपलेले असतात. हेड निघत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटण्याआधी ते मोजा. मग प्लास्टिकच्या हातोडीने एक्झॉस्टच्या जाड बाजूवर हलके ठोके. कूलिंग फिन्सवर ठोकू नका, त्या बिस्किटासारख्या मोडतात.

ब्लॉक थोडा वर आला की थांबा. पिस्टन बाहेर पडायच्या आधी खालच्या फटीतून क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारी फडकी कोंबा. तुटक्या रिंगेचा तुकडा, पॅकिंगचा कपचा, पिस्टनचं लॉक, काहीही आत पडलं तर टॉप-एंडचं काम तिथेच पूर्ण इंजिनाचं होतं.

नट_बोल्ट

पुस्ती: डॉवेल पिना (भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) आणि ऑइलच्या वाटेवरची ओ-रिंग कुठे होती याचे फोटो काढा. डॉवेल कधी ब्लॉकला चिकटून येते, कधी केसिंगमध्ये राहते. ती ओ-रिंग विसरली तर कॅमला ऑइल कमी पोचतं आणि कॅमची बेअरिंगची जागा खरवडते.

वंगण

रॉडही (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बघून घ्या. मोठं टोक वर-खाली ओढून-दाबून प्ले अजिबात जाणवता कामा नये. आडवा सरकतो तेवढा चालतो, तो फिलर गेजने मोजून मॅन्युअलशी ताडायचा. वर-खाली ‘टक’ जाणवलं तर टॉप-एंड बाजूला ठेवा. जुन्या मोठ्या बेअरिंगवर नवं पूर्ण कॉम्प्रेशन चढवलं की रॉड आधी जातो आणि नवा पिस्टन सोबत घेऊन जातो.

रानवाट्या

रॉड ठीक आहे, वर-खाली प्ले नाही. आता मापं. बोअर गेजने तीन उंचींवर, दोन दिशांना:

वर, रिंगा जिथे पोचतात तिथून १० मिमी खाली: पिनच्या दिशेने ८५.०७, काटकोनात ८५.११
मध्ये: ८५.०४ आणि ८५.०६
खाली: ८५.०२ आणि ८५.०३

पिस्टन स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या घेराला), तळापासून १५ मिमी वर, पिनच्या काटकोनात: ८४.९१. मॅन्युअलमध्ये नव्या बोअरचं माप ८५.०० ते ८५.०१ आहे आणि कमाल मर्यादा ८५.१०. इनटेकच्या बाजूला उभ्या मंद रेघा आहेत, नखाला लागत नाहीत. होनिंगच्या (बोअर दगडाने घासताना पडणाऱ्या) जाळीच्या खुणा वरच्या अर्ध्यात पूर्ण गेल्या आहेत, तळाशी दिसतात.

वंगण

मर्यादेवर ०.०१ फक्त. नखाला रेघ लागत नाही, मग ग्लेझ (चकचकीत थर) उतरवून, म्हणजे हलकं होनिंग करून, स्टँडर्ड रिंगा टाका. काम भागेल. बोअरिंगला ब्लॉक पाठवायचा, परत आणायचा, ओव्हरसाइझ पिस्टन शोधायचा, एवढा खटाटोप कशाला?

मायक्रोमीटर

वंगण, इथे असहमत. नख हे मोजायचं साधन नाही.

०.०१ कडे बघू नका, वर आणि खाली यांच्यातला फरक बघा. काटकोनातल्या दिशेत वर ८५.११ आणि खाली ८५.०३, म्हणजे ०.०८ चा उतार. बोअरचा व्यास वाढतो त्याच्या π पट रिंगेचं तोंड उघडतं. ०.०८ गुणिले ३.१४ म्हणजे साधारण ०.२५ मिमी. प्रत्येक स्ट्रोकला रिंग वर जाताना पाव मिमी उघडते, खाली येताना मिटते. ६००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला शंभरदा वर आणि शंभरदा खाली जातो. रिंगेला तेवढी चपळाई नसते, ती खोबणीत फडफडते आणि खोबणीच्या कडा ठोकून गोलसर करते. शिवाय वरच्या मापाला बोअर ०.०४ ने लंबगोल आहे आणि नवी रिंग गोल. जिथे टेकत नाही तिथून वायू खाली आणि ऑइल वर.

आता पिस्टन. ८५.११ वजा ८४.९१ म्हणजे ०.२० मिमी क्लिअरन्स. नव्याला ०.०३ ते ०.०५ च्या आसपास असतो. होनिंग केल्यावर तो अजून वाढेल. थंड इंजिनात पिस्टन कडकड वाजेल आणि स्कर्टला तडा जाण्याची वाट मोकळी. रिंगा टाकून कॉम्प्रेशन काही काळ वर येईल हे खरं, पण हेच इंजिन लवकरच परत उघडावं लागेल.

एक खूण स्वतः बघा. जुनी वरची रिंग खोबणीत परत बसवा आणि फिलर गेज घाला. नव्या पिस्टनला ही फट ०.०३ ते ०.०६ च्या घरात असते. धूळ खाल्लेल्या पिस्टनला ०.१५ चं पातं आरामात जातं.

रानवाट्या

०.१५ गेलं. ०.२० अडकलं.

वंगण

मग पिस्टन गेलाच. माझं म्हणणं मागे. लंबगोलाकडे मी बघितलंच नव्हतं.

रानवाट्या

ठरलं, बोअर. ओव्हरसाइझ ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिळतात. सर्वांत लहान ०.२५ घ्यावा, लाइनर वाचेल?

मायक्रोमीटर

०.५० घ्या. हिशेब असा: झीज सगळीकडून सारखी होत नाही, पिस्टन ज्या भिंतीवर रेलतो तिकडे जास्त होते. सर्वांत वाईट धरून चला की ०.११ सगळं एकाच भिंतीचं गेलंय. ०.२५ च्या बोअरिंगला, मूळ मध्य कायम ठेवून, एका बाजूचं फक्त ०.१२५ निघतं. म्हणजे त्या भिंतीवर शिल्लक ०.०१५. शिवाय टूलच्या खुणा काढायला व्यासावर ०.०५ ते ०.०८ होनिंगसाठी राखावे लागतात. पुरत नाही. ०.५० ला बाजूला ०.२५ मिळतं, बोअर नीट साफ होतो. सीसी ३९७ चे सुमारे ४०२ होतील, त्याने जेटिंगला (कार्ब्युरेटरच्या इंधनाच्या मापाला) काही फरक पडत नाही. १.०० ला एकदम उडी मारली तर पुढच्या खेपेला लाइनर उरत नाही.

पिस्टन *आधी* आणा, लेथवाल्याला हातात द्या. डब्यावर ८५.५० लिहिलंय म्हणून बोअर ८५.५० करायचा नसतो. त्याने तो पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा, कागदावर दिलेला क्लिअरन्स त्यात मिळवायचा आणि बोअर तेवढाच करायचा. कास्ट (ओतीव) पिस्टनचा क्लिअरन्स कमी असतो, फोर्ज्डचा (घडीव) जास्त. फोर्ज्डमध्येही २६१८ मिश्रधातू ४०३२ पेक्षा जास्त फुलतो, म्हणून त्याला अजून सैल ठेवतात. कास्टच्या मापाने फोर्ज्ड बसवला तर गरम झाल्यावर चार कोपऱ्यांना धरतो, म्हणजे बोअरला चिकटून अडकतो. पिस्टनवर चार उभे ओरखडे, पिनच्या दोन्ही बाजूंना दोनदोन, ही त्याची सही.

होनिंगच्या जाळीचा कोन ४५ अंशांच्या आसपास सांगा. तळाच्या तोंडाला उतार राखायला सांगा, रिंगा आत जायला तोच लागतो.

पेट्रोलपंप

माझा ब्लॉक निकॅसिलचा आहे. हेच सगळं लागू?

मायक्रोमीटर

नाही. निकॅसिल म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण असलेला पातळ लेप. माले कंपनीने तो १९६७ मध्ये वान्केल (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या) इंजिनासाठी आणला, नंतर तो पिस्टनच्या इंजिनांत रुळला. त्याला ओव्हरसाइझ बोअर करत नाहीत. केला तर लेप जाऊन खाली ॲल्युमिनियम उघडं पडतं. ॲल्युमिनियमवर साध्या रिंगा तग धरत नाहीत. लेप शाबूत आणि माप मर्यादेत असेल तर घासणीच्या हिरव्या पॅडने साबण लावून तिरपी जाळी काढायची आणि नवा पिस्टन. लेप निघाला असेल तर ब्लॉक लेपासाठी परत पाठवायचा किंवा नवा. ओळख सोपी: वरच्या पृष्ठावर लाइनरचं वेगळं कडं दिसतं का बघा आणि आत चुंबक लावा. बिडाला कचकन चिकटतं.

फाटका_थ्रॉटल

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडक्यात. वॉल्व्ह नाहीत, पण रिंगेच्या खोबणीत पेग (बारीक खुंटी) असतो. रिंगेचं तोंड पेगवरच बसवायचं, नाहीतर ते पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकून मोडतं. बोअरिंगनंतर प्रत्येक पोर्टच्या कडा गोलसर करून घ्या. पिनचं नीडल बेअरिंग दर पिस्टनबरोबर नवं. आणि जुना पिस्टन फक्त एक्झॉस्टच्या बाजूला धरलेला असेल तर आधी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रण शोधा: बहुतेकदा क्रँकचं सील नाहीतर इनटेकचा बूट हवा ओढतो. सगळी तोंडं बंद करून ६ पीएसआय दाबाने हवा भरा, ६ मिनिटं टिकली पाहिजे.

रानवाट्या

ब्लॉक गेला. हेडचं काय? सायलेन्सरमध्ये फुसफुस होती.

तेलकट

वॉल्व्ह काढायच्या आधी हेड उलटं धरून एक्झॉस्ट पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओता आणि वॉल्व्हच्या कडेला बघा. ओल पाझरली तर सीट (वॉल्व्ह टेकायची कड) धरत नाही. मग इनटेकला तेच. जवळ ज्योत, हीटर काही नको.

प्रत्येक वॉल्व्हचं सामान वेगळ्या डबीत ठेवा, अदलाबदल करू नका. सीटवर निळा रंग लावून वॉल्व्ह टेकवा, पट्ट्याची रुंदी मोजा. साधारण १.० ते १.२ मिमी असावी, अखंड आणि वॉल्व्हच्या चेहऱ्याच्या मध्यावर. पट्टा रुंद झाला तर दाब पसरतो, कार्बनचा कण चिरडला जात नाही, वॉल्व्ह जळायला लागतो. पट्टा रुंद किंवा तुटक असेल तर घासून भागत नाही, सीट कटरनेच कापावी लागते. पेस्टने तासभर घासत बसणं म्हणजे वॉल्व्हच्या चेहऱ्यावर खड्डा पाडणं.

पट्टा ठीक असेल तर बारीक पेस्ट, चोखणीची काठी, पुढे-मागे फिरवत अधूनमधून उचलायचं. करडा सलग पट्टा उमटला की थांबायचं. पेस्टचा कणही गाइडमध्ये राहू नये. टायटॅनियमचे वॉल्व्ह मात्र *कधीच* घासायचे नाहीत, त्यांचा कडक थर जातो.

गाइडची झीज: वॉल्व्ह १० मिमी उचलून आडवा हलवा. ठळक हलत असेल तर स्टेम आणि गाइड दोन्ही मोजा. गाइड झिजलं असताना नवं सील घातलं तर तेही काही दिवसांत रुंदावतं. सील मात्र हेड उघडलंच आहे तर नवीनच. हेडचा तळ सरळ पट्टी आणि फिलर गेजने सहा दिशांना तपासा, ०.१० चं पातं शिरत असेल तर मॅन्युअल बघून फेसिंगला (तळ सपाट करायला) द्या.

रानवाट्या

एक्झॉस्टचा एक वॉल्व्ह पाझरत होता, पट्टा १.१ मिमी, घासल्यावर बंद झाला. गाइड मर्यादेत. तळ सरळ. ब्लॉक बोअर होऊन आला, पिस्टन ८५.४६ आणि बोअर ८५.५०.

मायक्रोमीटर

०.०४, छान. आता धुणं, आणि इथेच निम्मे लोक माती खातात. होनिंगचे कण पेट्रोलने निघत नाहीत. पेट्रोल ऑइल विरघळवतं आणि कण जाळीत तसेच सोडून देतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश, फेस पांढरा राहीपर्यंत. मग कोरडं करून लगेच पांढऱ्या फडक्यावर ऑइल घेऊन पुसा. फडकं करडं झालं की परत साबण. तीनचारदा करावं लागतं. धुऊन नुसता ठेवला तर बिडावर दहा मिनिटांत गंजाची झाक येते.

रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने २५ मिमी खाली चौरस ढकला आणि तोंड मोजा. कागद नसेल तर ढोबळ नियम: वरच्या रिंगेला बोअरच्या प्रत्येक मिमीमागे ०.००४, म्हणजे इथे सुमारे ०.३४ मिमी. कमी भरलं तर बारीक कानशीने *बाहेरच्या कडेकडून आत*, एकाच दिशेने. उलट घासलं तर बाहेरच्या लेपाचे कपचे उडतात. जास्त भरलं तर थोडं चालतं. कमी चालत नाही: गरम होऊन टोकं एकमेकांवर टेकली की रिंग बोअरमध्ये रुतते.

नट_बोल्ट

बसवताना: ऑइल रिंगचा नागमोडी एक्सपांडर आधी, त्याची टोकं एकमेकांसमोर टेकलेली, एकावर एक चढलेली नकोत. मग खालची आणि वरची पट्टी. दुसरी आणि पहिली रिंग अक्षराची बाजू वर. तोंडं १२० अंशांवर. एकही तोंड पिनच्या सरळ रेषेत किंवा पिस्टन रेलतो त्या बाजूला नको.

पिस्टनवर ‘आयएन’ लिहिलेलं इनटेककडे. बाण असेल तर कुठे करायचा ते मॅन्युअलमध्ये बघा, सहसा एक्झॉस्टकडे. लॉक कायम नवीन. एक लॉक टेबलावरच घालून ठेवा, दुसरं गाडीवर. लॉकचं तोंड पिस्टनच्या कोरलेल्या खाचेसमोर येऊ देऊ नका. बसल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फिरवून बघा: खोबणीत पूर्ण बसलेलं लॉक अडखळत, पण सलग फिरतं. अर्धवट बसलेलं लॉक सुटलं की बोअरला उभा नाला पाडतं.

बेस पॅकिंगची जुनी पपडी प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. ब्लेडचा एक ओरखडा म्हणजे कायमचा पाझर. हेड पॅकिंगला सीलंट लावत नाहीत, दोन्ही पृष्ठं कोरडी आणि तेलमुक्त.

ब्लॉक घालताना पिस्टनला आणि बोअरला ऑइल, रिंगांना बोटांनी दाबत ब्लॉक हलवत खाली न्या. अडला तर *जोर नाही*. वर घ्या, बघा. बहुतेकदा ऑइल रिंगची पट्टी बाहेर आलेली असते, आणि ठोकलं की मोडते. दोघं असले तर बरं, एकाने चेन ताणून धरायची.

तेलकट

हेडचे बोल्ट: धागे साफ, मॅन्युअल सांगत असेल तर धाग्यांना आणि वॉशरखाली ऑइल. टॉर्क टप्प्यांनी. समजा ४४ न्यूटन-मीटर दिलाय, तर १५, ३०, ४४, दर टप्प्याला तिरप्या क्रमाने आतून बाहेर. कोरड्या धाग्यावर तोच आकडा वाचला तरी बोल्टचा ताण बराच कमी पडतो आणि पॅकिंग फुंकतं.

टायमिंग: ‘टी’ खाचेसमोर, कॅमचे उंचवटे खाली, स्प्रॉकेटच्या दोन्ही रेघा हेडच्या कडेला समांतर. आधी चेनची टेन्शनरविरुद्ध बाजू ताठ करा, ढिलाई सगळी टेन्शनरकडे ढकला, मग स्प्रॉकेट कॅमवर. टेन्शनर बसवून सोडल्यावर हाताने पूर्ण दोन फेऱ्या आणि खुणा परत बघा. एका दात्याची चूक याच वेळी दिसते. फिरवताना मध्येच कडक अडलं तर थांबा, वॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल.

टॅपेट थंड इंजिनावर. फिलर गेज ओढताना किंचित चिकटल्यासारखं वाटावं. लॉक नट आवळल्यावर *पुन्हा* मोजा, आवळताना स्क्रू फिरतोच.

रानवाट्या

सगळं बसलं, खुणा दोन फेऱ्यांनंतर जुळल्या. पहिला स्टार्ट कसा? ‘अर्धा तास आयडलवर ठेवा’ असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

मायक्रोमीटर

आयडलवर ठेवू नका. रिंगेला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः ज्वलनाचा वायू, तो रिंगेच्या मागे खोबणीत शिरतो. आयडलला दाबच नसतो, रिंग नुसती घसरते, जाळीची टोकं झिजायच्या ऐवजी ऑइलच्या जळक्या थराने भरतात. मग बोअर चकचकीत आणि धूर कायम.

आधी प्लग काढून, पण प्लग कॅपमध्ये बसवून हेडला अर्थ करून, थोडं क्रँक करा म्हणजे ऑइल वर चढेल. स्टार्ट केल्यावर हेडपर्यंत ऑइल पोचल्याची खात्री मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बोल्टवर करा. काही मिनिटं गरम होऊ द्या, गळती बघा, बंद करून पूर्ण थंड. त्यानंतर चालवा: अर्ध्या ते पाऊण थ्रॉटलपर्यंत जोर, मग थ्रॉटल सोडून इंजिन ब्रेक, परत जोर. एकाच वेगावर नाही, लांब चढावर पूर्ण थ्रॉटल नाही, ओझं ओढणं नाही.

वंगण

ऑइल साधं मिनरल, ओल्या क्लचला चालणाऱ्या ग्रेडचं. पहिल्या तासाभरानंतर काढा आणि फिल्टर कापून बघा. बारीक चंदेरी चमक अपेक्षित आहे. तुकडा किंवा सपाट पापुद्रा दिसला तर परत चालू करू नका. त्याच वेळी, इंजिन थंड असताना, टॅपेट पुन्हा तपासा. वॉल्व्ह घासलेत, सीटमध्ये बसून गॅप कमी झालेला असतो.

रानवाट्या

पहिला तास झाला. धूर नाही. ऑइलमध्ये बारीक चमक, तुकडा नाही. एक्झॉस्टचा टॅपेट ०.०३ ने कमी झाला होता, परत लावला. लीक-डाउन ८ टक्के. फक्त एअरबॉक्सच्या तळाशी ऑइलचे चारदोन थेंब दिसतात.

नट_बोल्ट

ते ब्रीदरच्या (क्रँककेसची वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आलेलं. रिंगा पूर्ण बसेपर्यंत थोडं येतं. पुसून ठेवा, पुढच्या दोन तासांत वाढतंय का बघा. ऑइलची पातळी खुणेच्या वर भरली असेल तरी येतं, तीही तपासा. आणि तो चिरलेला बूट बदललात का? त्याबद्दल तुम्ही शेवटपर्यंत काहीच लिहिलं नाहीत.

रानवाट्या

बदलला. क्लॅम्पही नवीन. फडकं आत फिरवलं, पांढरं निघालं.